पान लागलं की सर्पदंश झाला?

प्रश्न : सर, नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून मी दोन वर्षांपूर्वी परिचारिका म्हणून निवृत्त झाले. ३४ वर्षं नोकरी केली. आता तालुक्याच्या साप्ताहिकानं दर आठवड्याला आरोग्यावर लिहायला सांगितलंय. तीन लेख तयार आहेत : एक साप चावल्यावर काय करायचं यावर, एक बीपीच्या गोळ्यांवर आणि एक नोकरीतल्या आठवणींचा. पण पाठवायचा धीर होत नाही. आमचे पूर्वीचे डॉक्टर म्हणतात, शास्त्रीय भाषा हवी, हे घरगुती वाटतं. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो, आई, हे परिपत्रक झालंय, जरा विनोद घाल. जाऊबाई म्हणतात, बोलता तसंच लिहा. बोलते तसं लिहिलं तर लोक म्हणतील, बाईला लिहिता येत नाही. ‘असे’ लिहू की ‘असं’? वाचकाला ‘तुम्ही’ म्हणू की ‘आपण’? एकदा सूर ठरला की पुढचं सोपं जाईल. तो कोणता ठेवू? तिन्ही लेख सोबत जोडलेत. – एक निवृत्त सिस्टर

उत्तर : सिस्टर, नमस्कार.

तुमचे लेख वाचले, सापाचा दोनदा. त्याचा पहिला परिच्छेद इथं छापतोय, कारण त्याच्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल.

“आजच्या धकाधकीच्या जीवनात सर्पदंश ही ग्रामीण भागातील एक ज्वलंत समस्या बनली आहे. सर्पदंश झाल्यास रुग्णाचे मनोधैर्य खच्ची होऊ न देता त्यास तात्काळ नजीकच्या आरोग्य संस्थेत संदर्भित करण्यात यावे. परंतु आजही अज्ञानी जनता अंधश्रद्धेपोटी मांत्रिकाकडे धाव घेते, ही अत्यंत खेदाची बाब आहे.”

आता खरं सांगा, सापाचा आणि धकाधकीचा काय संबंध? साप बिचारा तसा निवांत प्राणी. हे वाक्य तुमचं नाही, आठवीच्या निबंधाच्या वहीतलं आहे. आपण सगळ्यांनीच ते कधी ना कधी लिहिलंय, मीही लिहिलंय, आणि शेवटी ‘काळाची गरज आहे’ हेही लिहिलंय. (तुमच्या लेखाच्या शेवटी ते आहेच, मी आधीच बघून ठेवलं.) दुसरं वाक्य रजिस्टरातलं आहे. ३४ वर्षं रजिस्टरं भरल्यावर हात तसाच वळणार, त्यात तुमचा दोष नाही. तिसरं वाक्य पंधरा ऑगस्टच्या व्यासपीठावरचं. तीन वाक्यांत तीन वेगळी माणसं बोलली, आणि त्यात सिस्टर कुठंच नाहीत.

म्हणून तुमच्या प्रश्नाचाच एक धागा आधी काढून टाकतो. ‘एक सूर ठरवते’ हे सोडा. नोकरीत तुमचा सूर एक होता का? कळा देणाऱ्या बाईशी तुम्ही बोलायचात तो आवाज वेगळा, दारू पिऊन दारात भांडणाऱ्या नातेवाइकाशी वेगळा, आणि रात्री दोनला डॉक्टरांच्या क्वार्टरचं दार वाजवून पेशंटची हकिगत सांगायचात तो तिसराच. कुणी तुम्हाला म्हटलं नाही, की सिस्टर, यातला एक निवडा. समोर कोण आहे, तो कोणत्या अवस्थेत आहे आणि त्यानं आत्ता काय करायला हवं, एवढं बघून आवाज आपोआप बदलायचा. लिहितानाही तेवढंच बघायचं. अडचण इतकीच, की कागदासमोर बसलं की समोर माणूस दिसत नाही. मग आपण पूर्वी वाचलेलं आठवून लिहितो.

तर सापाचा लेख कोण वाचणार? दोन वेळा आहेत. एकदा रविवारी दुपारी, अंगणात बसून, निवांत. पण ज्या वाचनासाठी तो लिहायचा, ते वाचन रात्री अकराला होणार आहे. रानातल्या वस्तीवर, मोबाईलच्या उजेडात, भावाचा पाय सुजत चाललाय आणि कुणीतरी म्हणतंय, “अगं, त्या सिस्टरनी पेपरात लिहिलं होतं बघ, कात्रण काढ.” त्या बाईला ‘मनोधैर्य’ शब्द नकोय. तिला पहिलं वाक्य वाचून हात चालवायचाय.

आता तुमचं ‘संदर्भित करण्यात यावे’ घ्या. यात करणारा कोण? कुणीच नाही. कार्यालयात हे वाक्य फार उपयोगी असतं, कारण जबाबदारी कुणाच्याच गळ्यात पडत नाही. पण वस्तीवर चौघं जण उभे असतील आणि ‘नेण्यात यावे’ असं वाचलं, तर चौघंही एकमेकांकडं बघतील. तिथं हवं ‘एकानं फोन लावा, दुसऱ्यानं गाडी काढा.’ अशा लेखात प्रत्येक वाक्याला करणारा असलाच पाहिजे.

मग शब्द. तुमच्या भागात रात्रीच्या वेळी ‘साप’ म्हणतात का हो? माझी आजी म्हणत नसे. ‘जनावर’ म्हणायची, ‘लांबडं’ म्हणायची. आणि चावलं तर ‘पान लागलं’. लोक ज्या शब्दानं घाबरतात आणि ज्या शब्दानं धावतात, तोच शब्द लेखात पहिल्यांदा यायला हवा. तुम्ही ओपीडीत कुणाला विचारलंत का कधी, “सर्पदंश केव्हा झाला?” नाही ना! “पान कधी लागलं?” असंच विचारलं असणार.

तुमच्याच लेखाच्या तिसऱ्या पानावर, जिथं तुम्ही दमून जरा मोकळ्या झालात, तिथली माहिती उचलून मी सुरुवात अशी केली :

“पान लागलं असं कळलं की त्या माणसाला आहे तिथंच बसवा, नाहीतर आडवं करा. चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. सूज चढली की निघत नाहीत. चावलेला हात-पाय हलणार नाही असा ठेवा, फळकूट लावून सैलसर बांधलं तरी चालतं. करकचून दोरी आवळू नका. ब्लेड मारू नका. तोंडानं विष ओढू नका. एकानं १०८ ला फोन लावा. गाडीला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा. मोटारसायकल असली तरी चालेल, पेशंट मधे आणि मागं धरायला एक जण. साप शोधत बसू नका. त्याला मारण्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो.”

मोजून बघा, यात एकही अवघड शब्द नाही आणि एकही ‘हो ना, बरं का’ नाही. म्हणजे जाऊबाईंचं ‘बोलता तसं लिहा’ हेही अर्धंच खरं. बोलताना तुम्ही मधे थांबता, पाणी मागता, “त्या आनंदाच्या पोराचं झालं होतं ना” म्हणून भलतीकडं वळता. ऐकणाऱ्याला ते गोड लागतं. रात्री अकराच्या वाचकाला नाही. तुमच्या बोलण्यातले शब्द घ्यायचे, वळणं नाही घ्यायची. वाक्य आखूड, आज्ञार्थी, पण ओरडून नाही. प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह लावलंत तर वाचणारीचा हात कापेल. सलाईन लावताना तुम्ही जशा हळू आणि ठाम बोलता, तसं.

डॉक्टरांचं ‘शास्त्रीय हवं’ हे मात्र उडवून लावू नका. त्यांना जे हवंय ते बरोबर आहे, फक्त ते शब्दांत शोधतायत. शास्त्र तपशिलात असतं. “विषारी सर्पाच्या दंशानंतर काही कालावधीत लक्षणे दृष्टोत्पत्तीस येतात” हे तुमचं वाक्य ऐकायला शास्त्रीय आहे, पण त्यातून कळलं काय? त्यापेक्षा खाली तुम्हीच लिहिलंय ते बघा : मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही धड दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं आणि मग श्वास अडतो. हे खरं शास्त्र! हे वाचल्यावर पावसाळ्यात एखाद्या घरी पहाटे पोरगं “पोटात दुखतंय, डोळं उघडंना” म्हणालं, तर आई ओवा देत बसणार नाही. आणि हे सांगायला संस्कृतची एक काडीही लागली नाही. घोणस चावली की सूज आणि रक्त न गोठणं, नाग चावला की सूज आणि पापण्या पडणं, फुरसं लहान म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही, हे सगळं तुमच्याकडं आहे. तेच वर आणा.

एक तांत्रिक शब्द मात्र ठेवा. लोक ‘सापाची लस’ म्हणतात. तुम्ही ‘प्रतिसर्पविष’ लिहिलंय. डॉक्टर ‘एएसव्ही’ म्हणतात. एकदा सांगा, की सापाच्या विषावरचं जे इंजेक्शन असतं त्याला दवाखान्यात एएसव्ही म्हणतात, आणि आपल्याकडचं एकच इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालतं, म्हणून साप पकडून पिशवीत घालून आणायची गरज नाही. मग पुढं एएसव्हीच लिहा. कारण नातेवाईक वाटेतून फोन करून विचारणार तो शब्द हाच : “एएसव्ही आहे का तुमच्याकडं?” जो शब्द वाचकाला उद्या तोंडानं उच्चारावा लागणार आहे तो अवघड असला तरी द्यायचा. ‘दृष्टोत्पत्तीस’ कुणाला कुठं उच्चारायचाय?

आता त्या ‘अज्ञानी जनते’कडं येतो. लेखातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती भाषेची नाही. मारुतीच्या देवळात नेणं, देवरुषाकडून उतरवून घेणं, कडुनिंबाचा पाला खायला घालून कडू लागतो का ते बघणं, जखमेला कोंबडीची पिल्लं लावणं, हे करणारा माणूस कोण? तुमचा वाचक! किंवा त्याचा चुलता. त्याला पहिल्याच परिच्छेदात अडाणी म्हटलंत तर तो पान उलटणार, आणि पान उलटलं की पुढचं १०८ ही गेलं. तुम्हीच तिसऱ्या पानावर एक प्रसंग लिहिलाय आणि मग, बहुधा डॉक्टरांना आवडणार नाही म्हणून, त्यावर काट मारलीय. मला काटेखालचं वाचता आलं. एक म्हातारा देवरुषाला बोलवायचं म्हणून हटून बसला होता आणि तुम्ही म्हणालात, “बाबा, त्यांनाही गाडीत घ्या की, वाटेत मंतर म्हणू द्या, पण गाडी दवाखान्याकडं वळवा.” सिस्टर, ही काट काढा. आख्ख्या लेखात हे वाक्य माझ्या मनात राहिलं. देवरुषी बरा करतो असं तुम्ही म्हणाला नाहीत, म्हाताऱ्याचा अपमानही केला नाहीत, आणि गाडी हलली. मोठमोठ्या संपादकांना जमत नाही ते तुम्ही पायरीवर उभं राहून केलंत. त्यापुढं हवं तर एक ओळ जोडा : बिनविषारी साप चावलेला माणूस काहीही न करताही बरा होतो, त्याचं श्रेय देवरुषाला मिळतं. झालं. ‘खेदाची बाब’ लिहायची गरज उरत नाही.

घरगुती वाटेल, या भीतीबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो. सातशे वर्षांपूर्वी महानुभाव पंथात केशवदेव नावाचे मोठे पंडित होते. ते संस्कृतात ग्रंथ लिहायला निघाले तेव्हा पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण काय दिलं? अशानं आमच्या परिवारातली साधी माणसं नागवली जातील. शब्द बघा, ‘नागवणं’! त्यांना कळणार नाही एवढंच म्हटलं नाही, लुबाडली जातील म्हटलं. जे त्यांच्या हक्काचं आहे ते भाषेच्या आड ठेवलं तर ती चोरीच झाली.

माझ्याही नावावर एक अशी चोरी आहे. वर्तमानपत्रात उपसंपादक होतो तेव्हा एका निवृत्त गिरणी कामगाराचं वाचकपत्र माझ्याकडं आलं. ‘गिरणीनं आमाला उघड्यावर टाकलं’ असं त्यात होतं. मी नवा, शुद्धलेखनाची खुमखुमी. मी त्याचं ‘गिरणी व्यवस्थापनाने कामगारांना देशोधडीस लावले आहे’ केलं आणि खुशीत छापलं. चार दिवसांनी गृहस्थ कात्रण घेऊन कचेरीत आले. भांडायला नव्हे. म्हणाले, “साहेब, झकास लिहिलंय. पण कुणी लिहिलंय?” तेव्हापासून दुसऱ्याच्या वाक्याला पेन लावताना जरा थांबतो. वर तुमचा परिच्छेद मी लिहून दाखवला तो नमुना म्हणून. तो जसाच्या तसा छापू नका, तुमच्या हातानं परत लिहा. आणि माहिती डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. भाषा त्यांना तपासू देऊ नका.

‘असे’ की ‘असं’? १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे बोलण्यातली ‘असं, केलं’ ही रूपं पात्राच्या तोंडी शोभतात, एरवी लिहायचं ते ‘असे, केले’. शाळेत आपल्याला तेच शिकवलं. पण पुरवण्या, सदरं, ललित लेख यांत ‘असं’ केव्हाच रुळलंय, मी स्वतः या सदरात तेच लिहितो. तुम्हीही ‘असं’ लिहा. फक्त एका लेखात एकच. तुमच्याकडं ‘साप चावल्यावर असे करावे’ आणि दोन ओळींनी ‘तसं करू नका’ आहे. वाचताना पायरी चुकल्यासारखं होतं. ‘करावे’ काढून ‘करा’ करा. ‘करावे’त सल्ला देणारा खुर्चीवर बसलेला असतो.

‘आपण’ मात्र जपून. मराठीत समोरच्याशी बोलताना आपण तीन तऱ्हांचा. एक आदराचा, ‘आपण बसावं’, तो लग्नपत्रिकेत ठीक. दुसरा तुम्ही-आम्ही मिळून. आणि तिसरा दवाखान्यातला, तुमच्या चांगला ओळखीचा : “आता आपण इंजेक्शन घ्यायचं हं.” घेणार तो एकटा, सुई त्याच्या दंडात, आणि म्हणायचं आपण! लहान मुलाला ठीक आहे, साठीच्या माणसाला राग येतो. सापाच्या लेखात सरळ ‘तुम्ही’. बीपीच्या लेखात मात्र दुसरा आपण तुम्हाला हक्कानं वापरता येईल, कारण तुम्हीच तिथं लिहिलंय की गेली आठ वर्षं तुम्हालाही गोळी चालू आहे. हे तुम्ही शेवटच्या ओळीत लपवलंय. ते पहिल्या ओळीत आणा. ‘गोळी बंद केल्यास पक्षाघाताचा झटका येऊ शकतो’ या वाक्यानं लोक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस गोळी घेत नाही, विषय टाळतो. त्याला बरं वाटतंय म्हणून त्यानं गोळी सोडलीय. त्याचं म्हणणं असं, की दुखत नाही तर औषध कशाला? तर तिथून सुरू करा. “मलाही वाटलं होतं, आता बरं वाटतंय, कशाला रोज गोळी. मी सिस्टर असून पंधरा दिवस सोडली.” सोडली होती ना? खरं असेल तरच लिहा. बीपी दुखत नाही हीच त्यातली मेख, हे स्वतः गोळी सोडून बघितलेल्या सिस्टरनं सांगितलं की पटतं.

मुलाच्या विनोदाला जागा या लेखात आहे. गोळ्यांची पाकिटं देवघरात ठेवणाऱ्या सासूबाई, शेजारणीची गोळी ‘मला पण सोसते’ म्हणून घेणारी वहिनी, हे तुम्ही रंगवा. पण हसायचं ते स्वतःला नाहीतर परिस्थितीला. पेशंटला हसलात की संपलं. सापाच्या लेखात विनोद अजिबात नको, ‘सापडला’वर कोटी सुचली तरी नको. सुचेल, मला माहीत आहे.

आठवणींच्या लेखाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तो तिघांत सरस आहे. पुराच्या रात्री कंदिलावर केलेल्या बाळंतपणाचं वर्णन मी कुठंही हात न लावता छापलं असतं. तिथं घाई नाही, तेव्हा तुमची वळणंही येऊ द्या, पाणी मागणंही येऊ द्या. दोनच गोष्टी. बाईचं नाव आणि वाडीचं नाव काढा; तालुक्याचं साप्ताहिक आहे, ते बाळ आता बत्तीस वर्षांचं असेल आणि पेपर वाचत असेल. आणि ‘ती बिचारी, गरीब, अबला’ हे तीनही शब्द काढा. त्या बाईनं त्या रात्री जे केलं ते तुम्ही लिहिलंय. ते वाचून ती अबला वाटत नाही.

लेख लिहून झाला की जाऊबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा, पण त्यांना मत विचारू नका. त्या चांगलंच म्हणणार. त्या कुठं “म्हंजे?” म्हणतात आणि कुठं चुळबुळ करतात तेवढं पेन्सिलीनं टिपून ठेवा. सापाचा लेख मात्र वेगळ्या तऱ्हेनं तपासा : घरातल्या एखाद्या दहावीच्या पोराला द्या, दिवे घालवा, मोबाईलच्या उजेडात वाचायला लावा आणि विचारा, “आता तू पहिलं काय करशील?” त्यानं बरोबर सांगितलं तर लेख झाला.

आणि तीनपैकी सापाचाच आधी पाठवा. मृग लागायच्या आत छापून यायला हवा, पेरणीला माणसं रानात गेली की उशीर होईल. संपादकांना सांगा, कात्रण काढता येईल असा चौकटीत घ्या आणि १०८ ठळक. पहिलं धकाधकीचं वाक्य काढलंत का, तेवढं मला कळवा.